निकालबाईंचा तिसरा परीक्षक

निकालबाई पेढे घेऊन दारात उभ्या राहिल्या की जिंकलेला माणूस दार उघडायला कचरायचा. बक्षीस मिळाल्यावर घाबरायला लावणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आमचा ब्लॉग लिहिणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप. गिरगाव-दादर-परळची माणसं जास्त, थोडी बाहेरगावची. सोमवारी विषय, गुरुवारपर्यंत लेख, रविवारी सकाळी निकाल. दुसऱ्या ग्रुपांवर निकाल लागला की चार फुलं, सहा टाळ्या आणि विषय संपला. आमच्याकडे निकालबाई पाव किलो पेढे घेऊन विजेत्याच्या घरी जात आणि तो लेख घरच्यांसमोर मोठ्याने वाचत. सुरुवात त्यांची, पुढचं विजेत्याने वाचायचं. पुण्या-नाशकाच्या माणसाला फोनचा स्पीकर लावून घरातल्या सगळ्यांना गोळा करायला लावत. सुटका कुणाचीच नाही.

त्यांचं खरं नाव ग्रुपवर होतं, पण ते कुणी घेत नसे. तोंडावर आम्ही ‘बाई’ म्हणायचो, पाठीमागे निकालबाई. मुलगी लग्न होऊन गेलेली, बाई डिलाईल रोडला एकट्या राहत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेलं, त्यामुळे आवाज असा की पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसायचा. फोन उचलला की ‘हॅलो’ नाही, ‘बोला’. आणि आपण बोललो की मध्ये एक अक्षर नाही. त्या गप्प बसण्याने माणूस जास्तच बोलून जायचा. मी तर कितीदा नको ते बोलून बसले आहे.

नियमांच्या बाबतीत बाई खडूस होत्या, सरळ सांगते. लेखावर नाव नको, फक्त क्रमांक. परीक्षक तीन. दोघांची नावं सगळ्यांना ठाऊक. तिसरा कोण ते बाई सांगत नसत. ‘तिसऱ्याचे गुण यायचेत’ म्हणून निकाल अडवून धरत. कुणी म्हणे त्यांचा भाऊ आहे, कुणी म्हणे कुणी नाहीच, बाईच आपल्या मनाने गुण घालतात. माझ्या धाकट्या भावावरच्या लेखाला दोघांनी भरभरून गुण दिले आणि तरी तो निकालातून गळला, तेव्हा मीही हेच म्हणाले होते. चांगली आठवडाभर फुगून बसले होते. आणखी एक नियम होता, की गेलेल्या माणसावर लिहिलेला लेख ग्रुपवर टाका, स्पर्धेत चालणार नाही. का, ते विचारलं तर उत्तर एकच. “चालणार नाही म्हटलं ना?”

तर त्या आठवड्याचा विषय होता, ‘घरात न बोललेलं’. मी माझ्या सासूबाईंवर लिहिलं.

आमचं घर चिंचपोकळीला, चाळीत. मी माहेरची ठाकूरद्वारची, सासर मालवणी. आई, म्हणजे सासूबाई, रोज सकाळी आंघोळ झाली की चष्मा लावून गॅलरीत पेपर घेऊन बसतात. सावकाश पान उलटतात, मध्येच ‘काय ह्यां चल्लाहा’ म्हणून मान हलवतात. लग्न झाल्यावर तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की त्यांना वाचता येत नाही. लग्नपत्रिका आली की त्यांचा चष्मा हरवायचा. औषधाची बाटली आली की डोळ्यांत पाणी यायचं. माझा नवरा संदेश त्यावर कधी बोलला नाही, मीही बोलले नाही. सतरा वर्षं आम्ही घरात ते सांभाळलं आणि मग मी ते लिहून टाकलं. शेवटची ओळ अशी होती: ‘एके दिवशी पेपर त्यांच्या हातात उलटा होता. मी पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेले.’ ती ओळ सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

शनिवारी दुपारी ऑफिसात बाईंचा फोन आला. तुझा पहिला, उद्या अकराला येते.

जिंकायची मला हौस होती. हे पेढ्यांचं मी कसं विसरले होते देव जाणे. मी जिन्यात जाऊन गयावया केली. नंबर दुसऱ्याला द्या, लेख काढून टाका, हवं तर मला ग्रुपमधून काढा, पण घरी येऊन तो वाचू नका. आई चारचौघांत मेल्यागत होतील. बाई सगळं ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “घरात वाचायची भीती वाटते ते जगाला वाचायला दिलंस?”

आणि फोन ठेवला. मला इतका राग आला!

घरी मी फक्त ऑफिसातली मैत्रीण येणार म्हणून सांगितलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठून आईंना परळला नणंदेकडे पाठवायचा घाट घातला. एरवी लेकीकडे जायला एका पायावर तयार असणाऱ्या आई म्हणाल्या, गुडघे दुखतायत. देवळात चला म्हटलं, तर म्हणे देव काय पळून जात नाही. दहा वाजता बघते तो त्यांनी ठेवणीतली जांभळी साडी नेसलेली, आणि फळीवरचे पाहुण्यांचे कप धुऊन पालथे घातलेले. मला वाटलं, म्हातारी आज मुद्दाम माझ्या मुळावर आली आहे.

अकराच्या ठोक्याला बाई आल्या. पेढे बघून शेजारच्या परब वहिनी आल्या, त्यांच्या मागून आणखी दोघी. संदेश पेपर बाजूला ठेवून बसला. बाईंनी उभ्यानेच फोन डोळ्यांसमोर धरला आणि त्या एक्स्चेंजच्या आवाजात वाचायला लागल्या. गॅलरी, सकाळचं ऊन, आईंचा चष्मा, पान उलटायची त्यांची ढब. परब वहिनी हसून म्हणाल्या, अगदी आमच्या काकीच. आई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. आणि जिथून पुढे ‘ते’ वाक्य येणार, नेमका तिथे बाईंनी फोन माझ्या हातात दिला.

अक्षरं दिसत होती, जीभ वळत नव्हती. संदेश माझ्याकडे बघतोय एवढं कळत होतं. मी ते वाक्य गिळलं आणि तोंडाला येईल ते जोडलं, की आईंना वाचायची फार आवड, पेपर वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही, वगैरे. बाई भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

“थांब गो,” आई म्हणाल्या. “असां लिवूक नाय तू. जां लिवलंस तां वाच.”

मी वाचलं. वाचता येत नाही हेही वाचलं, हरवणारा चष्माही वाचला, उलटा पेपरही वाचला. शेवटी शेवटी मला रडूच फुटलं. संदेशने उठून पाण्याचा तांब्या आणला. परब वहिनींनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, यात नवीन काय, काकींची गावची पत्रं आजवर मीच वाचून दाखवतेय की.

“सात दिलंय मी,” आई बाईंना म्हणाल्या, मला नाही. “तीन कापलंय. पेपर उलटो होतो म्हणान लिवल्यान, तां खोटां. फोटो दिसतत माका. उलटो कसो धरीन?”

खोटंच होतं ते. पेपर कधीच उलटा नव्हता. लेखाला शेवट हवा म्हणून मी तो उलटा केला होता, आणि दोन्ही परीक्षकांनी त्याच ओळीसाठी मला डोक्यावर घेतलं होतं.

शुक्रवारी मी ऑफिसला गेल्यावर बाई घरी येऊन गेल्या होत्या. आईंना सगळा लेख वाचून दाखवला, हा जगाला दाखवू का विचारलं, आणि गुण मागितले. ज्याच्यावर लिहिलं तोच तिसरा परीक्षक. तो नको म्हणाला की लेख गपचूप गळायचा. माझा भाऊ नको म्हणाला होता.

मी बाईंना जिन्यात गाठलं आणि भांडले. मला आधी सांगता आलं नसतं का? माझा काल रात्री जीव जायची वेळ आली होती.

“भीती वाटली ना? चांगलं झालं,” बाई चपला घालत म्हणाल्या. “पुढच्या वेळी ती लिहायच्या आधी वाटू दे.”

त्यानंतर मी बाईंकडे वरचेवर जाऊ लागले. पेढे आणायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, मग घरोघरी जाऊन तिसऱ्याचे गुण आणायचंही. माणसं स्वतःला फार कमी गुण देतात, हे मला तिथे कळलं. मागच्या हिवाळ्यात बाईंना दम लागायला लागला. एका रविवारी दोन जिने चढल्यावर त्यांना वाचताच येईना, तेव्हा पहिल्यांदा सुरुवातही विजेत्याने केली. महिनाभरात त्या गेल्या. अजून रविवारी अकरा वाजले की माझं लक्ष दाराकडे जातं.

त्यांच्या मुलीने मला त्यांची वही दिली. तिसऱ्या परीक्षकांची वही. माझ्या लेखासमोर बाईंनी लिहिलं होतं: ‘सात. उलटा पेपर खोटा, बाकी खरं. चहा फार चांगला.’

ग्रुपवाले म्हणाले, या आठवड्यात बाईंवर तूच लिही. मी लिहिलं, आणि काल गॅलरीत बसून आईंना वाचून दाखवलं. त्यांनी पेपर मांडीवर ठेवला, सरळ, आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“बरां लिवलंस,” म्हणाल्या. “पण बाईचे गुण कोण देतलो?”

कुणी नाही, मी म्हटलं.

“मगे निकाल लावू नको.”

गेलेल्या माणसावरच्या लेखाचा बाईंचा तो नियम मला तेव्हा कळला. हा लेख स्पर्धेत नाही.