पाणी पट्ट्याला धरत नाही

कळंबा तलावातली जलपर्णी काढायला आम्ही रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं आणि पाण्यात तरंगणारं यंत्र बनवत होतो. ते वळवायची रचना माझ्याकडे होती. वर्कशॉपचे मालक जुने ट्रॅक्टरवाले. शेतात ट्रॅक्टर वळवताना एका चाकाचा ब्रेक दाबतात, तसाच इथं एका पट्ट्याचा दाबायचा, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. मी म्हटलं, थांबलेल्या पट्ट्याला जमीन धरते, पाणी धरत नाही.

"मॅडम, तुमी कदी ट्रॅक्टर चालवलाय काय?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

चालवला होता, वडिलांच्या उसात. म्हणूनच सांगत होते.

चाचणीला ते स्वतः बसले. काठावर यंत्र झकास वळलं. पाण्यात ब्रेक दाबला, तर जरासं वाकडं होऊन ते थेट बांधावर आदळलं.

मग मी दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळ्या मोटरी लावल्या, एक पुढं फिरताना दुसरी उलटी फिरेल अशा, म्हणजे दोन्ही पट्टे वल्ह्यांसारखं पाणी उलटसुलट रेटतील. दुसऱ्या चाचणीला चालवायला मीच बसले.

"ड्रायव्हरला बसू द्या की," मालक म्हणाले. मी उतरले नाही. तलावाच्या मधोमध यंत्र जागच्या जागी गरगर फिरवलं. एका फेरीत भागलं असतं. मी तीन मारल्या. मग काठाला लावलं आणि यंत्र चालू ठेवूनच त्यांना विचारलं, "आता सांगा, ब्रेक कुठं बसवू?"