लई म्हणजे ये

नात बूट घालून दारात बसली होती. दोन तास झाले तरी उठेना. सुनेनं बूट काढायला हात लावला, तसे तिनं पाय पोटाशी घेतले आणि रडून घर डोक्यावर घेतलं. सुनेनं मला फोन केला. "आई, तुम्ही काय बोलला तिला?"

मी काय बोलणार. निरोप घेताना बोलतात तेच बोलले होते.

सून हाँगकाँगची. मुलानं शिकवलेलं मोडकंतोडकं मराठी तिला येतं. नात चार वर्षांची, तिला फक्त कॅन्टोनीज येतं. ती दीड वर्षाची असताना मुलगा तिकडंच वारला, मराठी शिकवायचं राहून गेलं. म्हणून मुकुंदवाडीत बसून मलाच तिची भाषा शिकावी लागली. माझी शाळा चौथीपर्यंत.

पहिला शब्द नातीनंच दिला. फोनवर खेळणं दाखवून हातानं बोलवायची, "लई, लई." आपल्याकडं लई म्हणजे पुष्कळ. त्यांच्याकडं लई म्हणजे ये. 'ओ लई ला' म्हणजे मी येते. ते पाठ केलं आणि त्या दिवशी फोन ठेवताना म्हटलं. पोरीला वाटलं, आजी तिकडं यायला निघाली.

सून म्हणाली, "आई, जाते म्हणा. ओ चाउ ला."

"जाते म्हणू? मी काय मेले का?"

"इकडं येते म्हटलं की यावं लागतं."

दवाखान्यातनं निघतानाही मी कधी जाते म्हटलेलं नाही. जीभ वळेना. त्यात चाउचा शेवट वर उचलायचा, काही विचारल्यासारखा. माझं घोकणं ऐकून शेजारीण म्हणाली, "मावशी, मांजर पाळलं काय?"

नात पंधरा दिवस फोनसमोर आली नाही. सुनेच्या मागं तिचा नुसता पाय दिसायचा. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब, मुलासारखंच. तेवढं बघायला मी दुपारपासून फोन धरून बसायची. गुडघे धड असते तर खरंच गेले असते.

मग एकदा म्हटलं, "ओ चाउ ला."

नात पुढं आली. फोनला नाक लावून काहीतरी बोलली. मला त्यातला चाउ तेवढा कळला.

"काय म्हणते?" मी सुनेला विचारलं.

"जाऊ नको म्हणते."

मी फोन ठेवला नाही. इकडं मेथी निवडत बसले, तिकडं ती चित्र रंगवत बसली.

मुलगा धरून आम्ही घरची चार माणसं होतो. आता तिघी आहोत.