निळी आली, हात मागे

गाठोडं उघडण्याआधीच आत काय आहे ते तिला वासावरून कळायचं, म्हणून सगळे तिला नाकवाली म्हणत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढून दुसरं काही हाती लागलं नाही, पण हे नाव लागलं ते कायमचं. ताज्या रक्ताला ओल्या नाण्याचा वास येतो, पुवाला गोडसर, आणि भाजलेल्या माणसाच्या चादरीला कसला येतो हे ती कुणाला सांगत नसे, कारण ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहायचा. आता सदुसष्ट वर्षांची झाली. काम सुटून बरीच वर्षं झाली, तरी बसमध्ये शेजारी कुणी टेकलं की नाक आपलं आपण कामाला लागतं आणि ती तोंड खिडकीकडे फिरवते. माणूस म्हणजे तिच्या लेखी अजून बांधायचं राहिलेलं गाठोडं.

पण इतकं सगळं हुंगून पचवलेल्या या बाईला खरी मळमळ सुटायची ती एका गाण्याने.

गाणं चाळीस वर्षांपूर्वीचं. गिटारी कोकलतात, ड्रम धडधडतो आणि एक घोगरा बाप्या घसा फोडून सांगतो: लाल चौथ्यावरून, गारात सोडा. पिवळी दुसऱ्यावरून, उकळू द्या. गाठ सोडू नका, गाठ सोडू नका. शेवटी सगळी वाद्यं एकदम गप्प होतात. एक बाई ओरडते, "निळी आली, हात मागे." आणि त्यावर दुसऱ्या बाईची किंकाळी. बस, संपलं.

या शब्दांवर लोकांनी काय काय कारभार करून ठेवला होता. कुणाला चौथा माळा म्हणजे स्वर्ग वाटला, कुणाला लाल म्हणजे क्रांती. एका प्राध्यापकाने तर नुसत्या 'निळी'वर एवढं जाड पुस्तक लिहिलं होतं. पोरंपोरी दंडावर 'गाठ सोडू नका' गोंदवून घेत. लग्नाच्या हॉलात नवरा-नवरी गळ्यात गळे घालून त्यावर डुलत, आणि नाकवालीला समोरचं जेवण ताटासकट ढकलून द्यावंसं वाटे.

कोडं कसलं डोंबलाचं. ती कामावरची हाक होती.

धुलाईखाना तळघरात होता. भिंतीतून पत्र्याचा एक रुंद नळ खाली यायचा. बायका त्याला 'घसा' म्हणत, कारण वरच्या चार माळ्यांना जे जे नकोसं होई ते तो त्यांच्यापुढे ओकायचा. वरच्या नर्सबायका गाठोड्याला रंगीत पट्टी बांधत. लाल म्हणजे रक्त. ते आधी गार पाण्यात, गरमात टाकलं तर डाग जन्माचा बसतो. पिवळी म्हणजे पू-ओकारी, ती उकळायची. आणि निळी म्हणजे साथीच्या वॉर्डाचं नाहीतर ऑपरेशनच्या खोलीतलं. त्याची गाठ सोडायची नाही. लांब चिमट्याने उचलून अख्खं गाठोडं बॉयलरमध्ये. आत सुया राहिलेल्या असत, कधी कधी त्याहून वाईटही काही.

वाफेत रंग धड दिसत नसत. म्हणून घशापाशी एकीने उभं राहून हाक द्यायची आणि उतरत्या ओट्यावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या चौघींनी त्या हाकेवर हात चालवायचे. बघायचं नाही, विचारायचं नाही, फक्त ऐकायचं. हाक नाकवाली द्यायची. नाक तिखट आणि गळाही तसाच. ओट्यावर पहिली उभी असायची तिची थोरली जाऊ.

दोघी एकाच घरात दिलेल्या. थोरली बोलायला फटकळ, हसायला मोकळी. "माझी जाऊ वास घेऊनच नवऱ्याचा पगार सांगते," असं ती चारचौघींत म्हणायची आणि नाकवाली लाजून लाल व्हायची. थोरलीचं पोर तेव्हा दीड वर्षाचं होतं.

धुतलेले कपडे नेणाऱ्या टेम्पोवर एक ड्रायव्हर होता. खांद्यापर्यंत केस, बायका त्याला झिपऱ्या म्हणत. रविवारी तो कुठल्याशा बँडमध्ये गायचा. मोठ्या मशीनची धडधड आणि वर या हाका, हे ऐकून तो एक दिवस खुळावलाच. बगलेत टेपरेकॉर्डर घेऊन आला.

"वहिनी, ती निळीची हाक पुन्हा द्या की. मशीन आडवं आलं."

नाकवालीने दिली. घसा रिकामा, आणि हिची हाक: निळी आली, हात मागे. चौघींनी हात मागे घेतले. झिपऱ्या म्हणाला, पुन्हा. पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी बायका हसायला लागल्या. पाचव्या वेळी थोरली मागे न बघता म्हणाली, "हाका देतेस का कोंबड्या हाकतेस गं?"

सातव्या वेळी घशातून खरंच निळी आली.

नाकवालीने हाक दिली, तीच, तशीच. थोरली हसतच होती. तिने हात मागे घेतले नाहीत. गाठोडं घसरत पुढ्यात आलं, तिने सवयीने गाठ ओढली आणि अंगठ्याखालच्या मांसात जाड सुई अर्धी आत गेली. ती ओरडली. टेप चालूच होता.

झिपऱ्याने टेप बंद केला, बगलेत मारला आणि "रक्त वाहू द्या वहिनी" एवढं सांगून टेम्पोकडे गेला. थोरली आधी डोळ्यांनी पिवळी झाली, मग कातडीने, मग नखांनी. पाच महिने. शेवटी शेवटी तिच्या अंथरुणाला जो वास येई तो नाकवालीने घशापाशी हजारदा घेतला होता. फक्त या वेळी तो आपल्या माणसाचा होता आणि तरीही तिला त्याची शिसारी यायची. ती शिसारी तिने स्वतःला कधी माफ केली नाही.

गाणं बाहेर पडल्यावर झिपऱ्या कॅसेट घेऊन मिरवत आला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरेरे," आणि मग, "चहा आहे का गं बायांनो?"

थोरलीचं पोर नाकवालीने वाढवलं. आई काविळीने गेली, एवढंच त्याला ठाऊक. खोटं नव्हतं ते. आता तो बेचाळिशीचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, तेलकट हातांचा भला माणूस. आणि नेमकं याच बाप्याला ते गाणं जीव की प्राण. इतकं, की त्याच्या फोनची घंटीच ती होती. गाणं नव्हे, शेवट. निळी आली, हात मागे, आणि किंकाळी. दिवसातून दहादा. नाकवालीने कधी म्हटलं, "बदल रे ते, डोकं उठतं," तर म्हणायचा, "काकी, ही किंकाळी ऐकली की अंगावर काटा येतो बघ. गोड काटा." गोड, म्हणे. ती उठून मोरीत जायची आणि नळ सोडून उभी राहायची.

यंदा गाण्याला चाळीस झाली म्हणून कंपनी ते नव्याने काढणार होती. पुतण्या पेपर नाचवत आला. "काकी, ही किंकाळी कुणाची ते शोधून काढणारेत. आणि बघ, धुलाईखान्याचा फोटो. हा तुझाच धुलाईखाना ना? सगळं आयुष्य तिथे काढलंस आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

शोधणारे शोधतीलच, आणि एके सकाळी हा पोरगा पेपरात वाचेल की आपण रोज खिशात घालून फिरतो ती आपल्या आईची किंकाळी आहे, आणि आईचा हात तिथे अडकला तो काकीच्या खोट्या हाकांमुळे. झिपऱ्याला गाठून ती किंकाळी गाण्यातून काढायला लावायची, असं तिने ठरवलं. तिने स्वतःच निरोप पाठवला.

बोलावणं धुलाईखान्यातच आलं, गाण्याच्या मुलाखतीच्या दिवशीचं. तिथे आता कॉफीचं दुकान झालं होतं. ज्या ओट्यावर पुवाने थबथबलेल्या चादरी पसरत त्यावर केक मांडलेले. घशाचं तोंड पितळी रंगाने रंगवून त्यात दिवे सोडलेले. फरशीच्या सांध्यांतून अजून तो जुना वास येत होता. तिला एकटीलाच येत असावा, कारण बाकीचे चवीने खात होते. सोडायला आलेला पुतण्या फोन धरून फोटो काढत सुटला होता.

झिपऱ्याला आता एकही झिपरी उरली नव्हती. टक्कल, काळा चष्मा, अत्तर असं की नाकवालीने रुमालच नाकाला लावला.

"वहिनी, अजून तशाच आहात."

"तुझ्याशी बोलायचंय. बाजूला ये." बाजूला नेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "ती ओरड काढ त्यातून."

"कुठली?"

"तुला माहितीये कुठली."

तो हसला. "वहिनी, त्या ओरडीवर तर गाणं उभं आहे. आणि जुनं कशाला उकरता? पोरगा खूश आहे ना तुमचा? राहू द्या. मी बघतो."

त्याने बघितलं ते असं. मुलाखत घेणारी मुलगी माइक घेऊन बसली, कॅमेरा लागला आणि तिने विचारलं, "सर, आज तरी सांगा. ती किंकाळी कुणाची?" झिपऱ्याने नाकवालीच्या खांद्यावर हात टाकला. "ही काय, तुमच्यासमोर बसलीये. हाकही हिची, किंकाळीही हिचीच."

टाळ्या पडल्या. पुतण्याचा चेहरा असा फुलला की तसा तिने त्याच्या लहानपणीही पाहिला नव्हता. "काकी, तू?"

वाट सरळ होती. मान हलवायची, घरी जायचं. कुणी पुन्हा शोधणार नव्हतं. खांद्यावरचा हात गोगलगायीसारखा ओलसर वाटत होता, तरी तिने मान हलवली. हलवली खरंच.

"मग एकदा आमच्यासाठी," ती मुलगी म्हणाली. "हाक आणि नंतर ती किंकाळी. नव्या गाण्यात दोन्ही जोडू."

"द्या वहिनी," झिपऱ्या म्हणाला. "पूर्वी दिली होतीत तशी."

तिने तोंड उघडलं. समोर रंगवलेला रिकामा घसा. कॅमेरा चालू, सगळे गप्प, आणि पुन्हा एकदा खोटी हाक. हाकेपाठोपाठ थोरलीचं ओरडणं आपल्या तोंडून काढायचं. घशाशी आंबट पाणी आलं. ते तिने गिळलं, आणि झिपऱ्याचा हात दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

"ही किंकाळी माझी नाही," ती म्हणाली आणि पुतण्याकडे वळली. "तुझ्या आईची आहे."

मग तिने सगळं सांगितलं. पट्ट्या, घसा, सात हाका, सुई. कॅमेऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. सांगून झाल्यावर ती मुलगी डोळे पुसत झिपऱ्याला हळूच म्हणाली, "सर, हे तर जबरदस्त आहे. हेच घेऊ."

झिपऱ्यानेही मान डोलावली. नाकवाली उठली. एकतीस वर्षांत इतकी घाण तिच्यापुढे आली नव्हती.

बसथांब्याकडे दोघं चालत निघाली. ती वाट बघत होती की आता हा माझ्यापासून दोन पावलं लांब चालेल. तो लांब चालला नाही, जवळही आला नाही.

"तुला माहीत होतं, आणि रोज ऐकत होतीस," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आणि मी म्हणायचो, गोड काटा."

"काढून टाक ते," ती म्हणाली.

तो बाकावर बसला. फोनशी बराच वेळ काहीतरी खटपट करत राहिला, तेलकट अंगठ्याने पुढेमागे सरकवत. बस आली आणि गेली.

"तुझा आवाज काढला," तो म्हणाला. "तिचा राहू दे. माझ्याकडे तिचा दुसरा आवाज नाही."

तिसऱ्या दिवशी जेवताना टेबलावर त्याचा फोन वाजला. हाक नाही, काही नाही, नुसतं थोरलीचं ओरडणं, पुन्हा पुन्हा. नाकवालीने तो उचलून त्याला द्यायला हात पुढे केला.

"नको," पुतण्या ताटातून मान वर न करता म्हणाला. "वाजू दे."

तिने हात मागे घेतला.