आषाढातलं फुकट धरण

इगतपुरीजवळच्या धरणावर मला सरकारी मॅडमनी फसवलं. मी मागितलं ते सगळं त्यांनी मला दिलं.

मी नाशिकचा लाइन प्रोड्यूसर. म्हणजे मुंबईहून युनिट शूटिंगला आलं की जागा, गाड्या, जेवण, परवानग्या, सगळं माझ्या गळ्यात. मंडपाचे बांबू उचलत इथवर आलो. भाव करायला लागलो की भाजीवाल्यासुद्धा दमतात.

दिग्दर्शकांना शेवटचा सीन धरणावर हवा होता. भांडलेले दोन भाऊ दोन काठांवर उभे, एकमेकांकडे बघतायत. तो नीट झाला तर त्यांचा पुढचा सिनेमाही माझाच होता. सिनेमाच्या धंद्याला हातभार म्हणून सरकार आता अशा जागा शूटिंगला फुकट देतं. परवानगीही एकाच खिडकीवर. त्या खिडकीत या मॅडम.

"मे महिन्यात दोन दिवस मिळतील," मॅडम म्हणाल्या.

फुकटच्या गोष्टीत भाव करू नये, हे मला कोणी शिकवलेलं नाही. "दोनच? आठवडा तरी द्या, मॅडम."

"मेमध्ये रांग आहे. जुलैत कोणी मागत नाही."

"म्हणजे जागा रिकामीच! मग जुलै द्या की."

"नक्की?"

माझा पारा चढला. "मॅडम, मी जन्माने इगतपुरीचा. मला धरण शिकवू नका."

त्यांनी सही केली. मी ऑफिसमध्ये पेढे वाटले. दिग्दर्शकांना फोन करून सांगितलं, "दोनाचा आठवडा केला, सर!" ते मुंबईचे. त्यांनी विश्वास ठेवला.

जुलैत युनिट पोहोचलं. पावसात आणि धुक्यात आधी समोरचा काठ दिसेना. मग अलीकडचा भाऊ दिसेना.

"अहो, धरण कुठंय?" दिग्दर्शकांनी छत्रीतून मला विचारलं.

"समोरच आहे, सर."

"कशावरून?"

"आवाज येतोय ना."

आठवडाभर आम्ही भजी खाल्ली. शेवटी तो सीन मुंबईत एका फ्लॅटमध्ये उरकला. सिनेमात दोघे भाऊ आता फोनवर बोलतात. पुढचा सिनेमा कोल्हापूरला गेला.

मी तणतणत मॅडमकडे गेलो. "पाऊस असतो म्हणून सांगायचं ना!"

"तुम्ही इगतपुरीचे. मला वाटलं, पावसाचाच सीन असेल."

धडा एवढाच, की समोरचा पटकन 'घ्या' म्हणाला तर आधी आभाळाकडे बघावं. पण माझा प्रश्न उरतोच. परवानगी द्यायला सरकारने खिडकी ठेवली, मागणाऱ्याला झापून परत पाठवायला एकही नाही. याला जबाबदार कोण? मी सोडून दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगा.