बाईंचं स्टेअरिंग

"मी काय बसून राहू का गा?"

हे बाईंचं पालुपद. गॅरेजात आल्या की मी खुर्ची पुढे करायचो, त्या तिच्यावर पिशवी ठेवायच्या आणि स्वतः येरझारा घालायच्या. चहा उभ्यानंच, बशीत ओतून, तोही अर्धा. हातातला किल्ल्यांचा जुडगा सारखा या हातातून त्या हातात. तासभर तो खुळखुळाट ऐकला की माझं डोकं उठायचं. एकदा वैतागून म्हटलं, "बाई, तुम्ही घरी जा, नाहीतर मी जातो!" तर म्हणाल्या, "तू जा. इथलं बाई पाहते, असं सांगून जा फक्त त्या कामावरच्या पोट्ट्याईले."

त्या काळात तुमच्यापैकी कोणी धंतोलीकडे राहिलं असेल, तर बाई तुम्ही पाहिल्याच असणार. फिकट हिरवी, लांबलचक अमेरिकन मोटार, मागे माशासारखे पर काढलेली. स्टेअरिंगमागे दोन उशांवर बसलेली ठेंगणी बाई, डोक्यावर पदर घट्ट. समोरून पाहणाऱ्याला आधी वाटे, गाडीत कोणीच नाही. नाव सांगत नाही. सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि अजूनही त्यांची नाराजी ओढवून घ्यायची माझी हिंमत नाही.

गाडी बाईंच्या यजमानांची, वकीलसाहेबांची. ते गेले तेव्हा साऱ्या नातेवाइकांनी सांगितलं, गाडी विका आणि ड्रायव्हरला काढा. बाईंनी ड्रायव्हरला काढलं, गाडी ठेवली. त्याच्याकडूनच त्याच्या शेवटच्या महिन्यात चालवायला शिकल्या. पन्नाशी उलटलेली विधवा बाई मोटार हाकते म्हणून गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. बाईंना खिडक्यांकडे पाहायला वेळच नव्हता.

त्या मूळच्या खापा गावच्या, विणकरांच्या घरातल्या. वकिलाच्या घरात जन्म गेला, पण बोली तीच राहिली. खाप्याला त्यांची मोठी बहीण एकटी होती, तिला सगळे जिजी म्हणत. पडून कंबर मोडली तेव्हापासून जिजीचे पाय गेलेले. दर गुरुवारी बाई गाडी घेऊन खाप्याला जायच्या, शेजाऱ्यांच्या मदतीनं जिजीला उचलून पुढच्या सीटवर बसवायच्या आणि कन्हान नदीच्या काठाकाठानं फिरवून आणायच्या. जिजीला आठवड्यात तेवढंच आभाळ दिसे. बाकीचे दिवस ती छताचे वासे पाही.

आता त्या गाडीची गोष्ट. तिला पॉवर स्टेअरिंग होतं. इंजिनावर एक पंप, तो पट्ट्यानं फिरायचा आणि तेलाच्या दाबानं चाकं वळवायचा. एवढं धूड, पण एका बोटानं वळे. तोच पंप बंद पडला. परदेशातून सामान येणं बंद होतं. मुंबईला विचारलं, कलकत्त्याला विचारलं, लोकांनी विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं. मग कोण्या दिवट्या मेकॅनिकनं पंपाचा पट्टाच कापून टाकला आणि म्हणाला, घ्या, झालं.

बाई तशीच गाडी घेऊन माझ्याकडे आल्या. "मिस्त्री, हे गाडी माझं ऐकून नाही राहिली."

त्यांचे तळहात पाहिले आणि माझं टाळकंच सटकलं. सोललेले होते. पट्टा कापला तरी आत तेल होतंच ना! दर वळणाला बाई चाकांबरोबर ते तेलही ढकलत होत्या. कमरेएवढ्या पाण्यातून चालावं तसं. मी त्या दिवट्याच्या सात पिढ्या काढल्या. बाई ऐकून घेत होत्या, किल्ल्या खुळखुळवत.

"झालं बोलून? आता सांग, पहिल्यासारखं हलकं होते का?"

"नाही होत. पंपच नाही मिळणार."

"मंग जड कर. पण नीट जड कर. माझ्या हातानं वळली पायजे, बस."

दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा आला. मुंबईत विमा कचेरीत मोठ्या जागेवर होता, दिवाळीसाठी आलेला. बाई त्याला बापू म्हणत. माणूस भला, अगदी भला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही तिला सांगा, होत नाही म्हणून. तुमचं ऐकेल. खाप्याला जाताना सावनेर रोडवर ट्रक कसे येतात, माहीत आहे ना? एखाद्या गुरुवारी तार यायची, या भीतीनं मी बुधवारी झोपत नाही. मला तिला घेऊन जायचंय मुंबईला."

"आणि जिजी?"

"मावशीला सांभाळायला कोणी कामवाली ठेवू."

"नदीवर कोण नेईल?"

मी विचारलं खरं. पण खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं मला चुकीचंही वाटलं नाही. माझी आई असती तर मीही हेच केलं असतं. "बघतो," एवढंच म्हणालो.

बाईंना हे कळलंच. त्यांच्यापासून धंतोलीत काही लपत नसे. रात्री मायलेकांचं वाजलं आणि ठरलं असं: मिस्त्रीनं काम केल्यावर बाईंनी गाडी एकटीनं, कोणाची मदत न घेता, फाटकातून आत आणायची. जमलं तर बापू गाडीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर गाडी विकायची आणि बाईंनी मुंबईला जायचं.

त्यांचं फाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. गल्ली अरुंद, समोर नाली, आणि काटकोनात वळायचं दोन दगडी खांबांमधून. उजव्या खांबावर वकीलसाहेबांची संगमरवरी पाटी. गाडी जवळपास थांबवूनच वळवावी लागे. आणि पॉवर गेलेलं स्टेअरिंग थांबलेल्या गाडीत सगळ्यात जड असतं. बापूला हे माहीत होतं की नाही, देव जाणे.

मी कामाला लागलो. स्टेअरिंगचा डबा उघडला. आतलं तेल काढलं, दाब धरणारी कडी काढून टाकली, तेलाच्या नळ्यांची तोंडं बंद केली, ग्रीस भरलं. आत एक बारीक सळई असते, ती जरा पिळली की पूर्वी तेलाला हुकूम जायचा. आता हुकूम कोणाला द्यायचा? ती वेल्ड करून पक्की केली, नाहीतर स्टेअरिंग ढिलं खेळत राहतं. आणि शेवटी भंगारातून एका जुन्या बसचं मोठं स्टेअरिंग आणून बसवलं. घेर मोठा, की जोर कमी लागतो. त्या देखण्या गाडीत ते काळं थोराड कडं असं दिसे की मलाच हसू आवरेना.

हे सगळं बाईंच्या येरझाऱ्यांत. एक बोल्ट काढला की "झालं का?" दुसरा काढला की "आता त झालं असन." मी म्हटलं, "बाई, जेवून तरी या." म्हणाल्या, "जेवण कुठं पयून चाललं?"

मैदानात चालवून पाहिली. मी शेजारी. "थांबून फिरवायचं नाही. आधी गाडी थोडी हलू द्यायची, मग वळवायची. चालत्या गाडीला वळायला लाज वाटत नाही." बाईंनी गोल घेतला, आठ काढला, परत गोल. पदर खांद्यावर आला तरी भान नाही. घामानं डबडबलेल्या, पण चेहरा असा उजळला होता की मी ट्रकचे, सावनेर रोडचे सगळे विचार सोडून दिले. मनातून मी त्यांच्या बाजूचा झालो.

फाटकाच्या दिवशी मात्र घात झाला. बाई आल्या, वळवलं, गाडी गल्लीत आडवी झाली आणि अडकली. मागे घेतली, पुन्हा पुढे, पुन्हा तेच. मागे सायकलरिक्षा खोळंबल्या, घंट्या वाजायला लागल्या. खिडक्या उघडल्या. बाई स्टेअरिंगला लोंबकळल्यासारख्या झाल्या होत्या.  मी पुढे झालो तर डोळ्यांनीच मला जागच्या जागी उभं केलं. शेवटी खाली उतरल्या आणि मुलाला म्हणाल्या, "आज राहू दे. उद्या."

बापू गाडीत बसला. त्यानंच सांभाळून गाडी गल्लीच्या तोंडाशी नेऊन लावली.  आईला हरताना पाहणं सोपं नसतं हो.

सकाळी मला निरोप आला, लवकर या. जाऊन पाहतो तर दोन गवंडी उजव्या खांबावर घणाचे घाव घालताहेत! बाई धुळीत उभ्या, वकीलसाहेबांची पाटी पोटाशी धरून. बापू बनियनवर बाहेर आलेला, तोंड उघडं.

"आई, अगं बाबांनी बांधलेला खांब!"

"त्यायनंच बांधला. म्हून तर इतका भक्कम हाय. हे लोक पहाटेपासून मारून राहिले."

"आणि पाटी?"

"पाटी लावू खिडकीपाशी. तिले कुठं खाप्याले जायचं हाय?"

दुपारी राडारोडा उचलला आणि बाईंनी गाडी अशी झोकात आत आणली की गवंड्यांनी टाळ्या वाजवल्या. एकटीनं, कोणाची मदत न घेता. अट पाळली की नाही, तुम्हीच सांगा. बापू आधी रागावला, मग पायरीवर बसून हसत सुटला. हसता हसता डोळे पुसत होता. दुसऱ्या दिवशी मुंबईला एकटाच गेला.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती गाडी गुरुवारी खाप्याला गेली. मी ग्रीस भरत राहिलो, बाई येरझारा घालत राहिल्या. हात-खांदे दुखतात का विचारलं तर म्हणत, "काही नाही झालं. तू तुझं काम कर." मला वाटे, या बाईला दुखणं शिवतच नाही.

बाई गेल्या त्या ऐन थंडीत. घरापासून दवाखाना हाकेच्या अंतरावर, पण काही उपयोग झाला नाही. सगळं क्रियाकर्म आटोपल्यावर बापू माझ्याकडे आला. "मिस्त्री, उद्या गुरुवार आहे. मावशी वाट पाहील. तुम्ही सोबत याल?"

गाडी त्यानंच चालवली. तो मोठ्या हाडापेराचा माणूस, पण सावनेर येईपर्यंत घामाघूम झाला. खाप्याच्या बोळात वळताना तर मला शेजारून हात लावावा लागला. दोघांनी मिळून ते कडं ओढलं. तो एकदम थांबला, कपाळ स्टेअरिंगवर टेकवलं. "हे ती दर आठवड्याला करायची?" मी खाली उतरून बोळात पुढची वाट दाखवायला लागलो. 

जिजी दारात बाजेवर तयार बसली होती, धुवट लुगडं नेसून. आम्ही तिला उचललं, नदीवर नेलं, ती पाणी पाहत राहिली. रडली नाही. परत आणून बाजेवर ठेवलं, तसं तिनं शेजारणीला हाक मारली. शेजारीण आतून वाटी घेऊन आली. कोमट तेल होतं, लसणाचा वास येत होता.

जिजी म्हणाली, "दर गुरुवारी ती इथं आडवी पडे. हात माझ्या मांडीवर टाकून. माझे पाय गेले, हात त शाबूत हायेत ना. मी चोळून देवो, तवा कुठं तिले परत जाता ये."

 जिजीनं तेलात बोटं बुडवली.

"सदरा काढ, बापू. ये, बस इथं. तिचा उजवा खांदा जास्त दुखे. तुझा कोणता दुखते?"