बिनभोकाचा पालक

बस चालवायची नोकरी संपली तेव्हा ड्रायव्हरकाकांनी घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात भाजीपाला लावला आणि ओळखीतल्या दहा घरांना भागीदार करून घेतलं. सगळ्यांनी हंगामाचे पैसे आधीच द्यायचे आणि दर शनिवारी शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा टोपलीतून न्यायचा. काकांचा राग कायम नाकावर. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं, "जे पिकेल ते खायचं. कुरकुर चालणार नाही!"

तिसऱ्या शनिवारी पाहतात तो काय, अळ्यांनी पालकाची पार चाळण केलेली. असली भाजी लोकांना कोणत्या तोंडाने द्यायची? काका गुपचूप मंडईत गेले, हिरव्यागार जुड्या आणल्या आणि टोपल्यांत भरून दिल्या.

संध्याकाळी शेजारची नर्स जुडी हातात धरून दारात उभी. "काका, पानाला भोक नाही, मुळाला माती नाही. हा आपल्या शेतातला नाही!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. "आपला अळ्यांनी खाल्ला गं," ते पुटपुटले.

"मग त्यांनी ठेवलाय तो द्या की! मंडईत जायला मला पाय नाहीत का?"

तिने बाकीच्यांनाही सांगितलं. बघता बघता दहाही घरांतून जुड्या परत आल्या आणि चाळण झालेला पालक हसतखेळत वाटला गेला. काका भलतेच खुशीत होते. पण चार दिवस ताटात तोच मंडईचा पालक पाहिल्यावर त्यांनी नाक मुरडलं.

काकूंनी आणखी एक डाव वाढला. "जे परत येईल ते खायचं," त्या म्हणाल्या. "कुरकुर चालणार नाही!"