कुणालाच नापास न करणाऱ्या वर्नेटाबाई

आमच्या बॉल्टिमोरच्या पश्चिम भागात वर्नेटाबाई बूकर म्हणजे देवमाणूस. आयुष्यभर सरकारी शाळेत गणित शिकवलं, एक पोर नापास केलं नाही. मी शिकलो कॅरोलायनातल्या खेड्यात, एका खोलीच्या शाळेत. आमचे मास्तर चुकलं की खडू फेकून मारायचे, आणि नेम असा की खाली वाकलेलाही सुटत नसे! ते असो. बाईंना लहानपणी एका गोऱ्या शिक्षिकेनं तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्यासारखीला गणित कशाला?" तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपल्या वर्गात काळ्या पोराला "चुकलं" म्हणून कधी दुखवायचं नाही.

माझी नात किओना त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आठवीत वरच्या श्रेणीत पास झाली, शहरापलीकडच्या मोठ्या शाळेत गेली. तिथे तिला बीजगणित न देता खालच्या वर्गात बसवलं. पोरीला व्हायचंय इंजिनियर! मी तरातरा निघालो. बाईही आल्या, चर्चची ठेवणीतली टोपी घालून.

वर्ग ठरवणारी तिथली गोरी बाई म्हणाली, "तुमच्या भागातल्या मुलांना हाच वर्ग झेपतो."

"न तपासताच?" वर्नेटाबाई कडाडल्या. "घाला गणित!"

तिनं घातलं. एका संख्येच्या तिपटीतून सात काढले, अकरा उरले, संख्या कोणती?

किओना जमिनीकडे बघत राहिली.

"असू दे हं बाळा," ती गोरी बाई गोड हसली, "प्रयत्न केलास ना, पुष्कळ झालं."

हे वाक्य आमच्या अख्ख्या वस्तीला पाठ होतं. वर्नेटाबाईंचंच ते.

परतताना गाडीत त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "कॅल्विन, ती माझं वाक्य बोलली."

"तुम्ही मायेनं म्हणायचात, बाई."

"तीही मायेनंच म्हणाली की रे."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा परीक्षा घ्यायला शाळा कशीबशी तयार झाली. मग रोज दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात, तळणाच्या धुरात शिकवणी. बाई पहिल्यांदाच म्हणायला शिकल्या, "चूक. पुन्हा कर."

एकदा पोरीनं पेन्सिल आपटली. "आता कशाला ओरडता? तेव्हा का नाही ओरडलात?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "बरोबर बोललीस. आता हे पुन्हा कर."

किओनाला बीजगणिताचा वर्ग मिळाला. रविवारी पाद्रीबुवांनी तिला उभं केलं, टाळ्या थांबेनात. सगळ्यांत जोरात टाळ्या बसड्रायव्हर डेमेट्रिअसच्या, तोही बाईंचाच जुना विद्यार्थी. बाई मात्र हात मांडीवर ठेवून एकेका बाकावरच्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे बघत होत्या.

"काय सांगत होतो!" डेमेट्रिअस ओरडला. "आमच्या बाईंनी कधी कुणाला नापास केलंय का?"

"मंगळवारी संध्याकाळी मोकळा आहेस का रे?" बाईंनी हळूच विचारलं.

"का हो, बाई?"

"तुला गणित शिकवायचं राहिलंय."

तो पोट धरून हसला. बाई उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.